चरा किती खोल? : मोटारीच्या रंगाची दुरुस्ती आणि तिचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबात घराखालोखाल मोठी खरेदी असते ती मोटारीची. कर्जाचे कागद पूर्ण होतात, नोंदणी होते, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि मग एके दिवशी सकाळी गाडी पुसताना दाराच्या हँडलखाली हातभर लांबीचा चरा दिसतो. कोणाच्या दुचाकीचा ब्रेक लिव्हर घासलेला असतो, कोणी खोडसाळपणाने किल्ली ओढलेली असते, तर कधी आपल्याच इमारतीच्या फाटकाची ती कृपा असते. चरा कोणी पाडला याचा शोध सहसा लागत नाही. त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न मात्र मालकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाला तीन ठरावीक उत्तरे मिळतात. कोणी म्हणतो, 'साहेब, पॉलिशमध्ये निघून जाईल.' दुसरा सांगतो, 'अख्खे दार रंगवून टाका, कटकट नको.' तिसरा सल्ला असतो, 'विमा कशाला काढला आहे? दावा करून मोकळे व्हा.' ही तिन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती जागा ओळखण्यात. वरवरच्या ओरखड्यासाठी कारखान्यात बसलेला उत्तम रंग खरवडून दार नव्याने रंगवणे जितके अनाठायी, तितकेच पत्र्यापर्यंत गेलेल्या चऱ्यावर महिनोन् महिने पॉलिश घासत बसणे व्यर्थ. म्हणून पहिला प्रश्न खर्चाचा नसून खोलीचा आहे. चरा किती खोल गेला आहे हे एकदा कळले, की दुरुस्ती कशी करावी, कोणाकडून करून घ्यावी आणि तिचे पैसे कोठून द्यावेत, ही पुढची तिन्ही उत्तरे मिळू लागतात.

रंगाचे चार थर

मोटारीचा रंग म्हणजे एकच एक लेप नव्हे. पत्र्यावर कारखान्यात एकावर एक चार थर चढवले जातात. प्रथम पत्रा स्वच्छ धुऊन त्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात. मग गाडीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या मोठ्या हौदात बुडवला जातो आणि विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने प्रायमरचा पहिला थर कानाकोपऱ्यापर्यंत बसवला जातो. पत्र्याचे गंजापासून रक्षण करण्याचे मुख्य काम हा थर करतो. त्यावर दुसरा, पृष्ठभाग सपाट करणारा प्रायमर येतो. तिसरा थर रंगाचा, म्हणजे आपण ज्याला लाल, पांढरा किंवा रुपेरी म्हणतो तो. सर्वांत वर येतो पारदर्शक लॅकरचा थर. गॅरेजमध्ये त्याला 'क्लिअर कोट' म्हणतात. गाडीची चकाकी ही या थराची देणगी आहे आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षणही तोच करतो.

या चारही थरांची एकत्रित जाडी सर्वसाधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाच्या डोक्याचा एक केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे पत्रा आणि बाहेरचे ऊन-पाऊस यांच्यामध्ये जेमतेम दोन केसांच्या जाडीचे कवच आहे. त्यातही सर्वांत वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० मायक्रॉनचा, तर प्रत्यक्ष रंगाचा थर अवघा १५ ते २० मायक्रॉनचा असतो. एवढ्याशा अंतरात चरा कोणत्या थरावर थांबला, यावर शंभर रुपयांचे काम की दहा हजारांचे, हे ठरते.

जुनी सवय, नवा रंग

आपल्या आधीच्या पिढीची रविवारची सकाळ अनेकांना आठवत असेल. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी दाराशी काढायची, कापसाच्या बोळ्यावर रबिंग कंपाउंड घ्यायचे आणि गाडी चमकेपर्यंत घासायची. बोळ्याला गाडीचा रंग लागत असे आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. त्या काळच्या बहुतेक गाड्यांवर रंग आणि चकाकी एकाच थरात असे. वरचा मळकटलेला भाग घासून निघाला की खालून तोच रंग ताजा होऊन वर येई.

'ड्युको' हा शब्द आपल्या गॅरेजांमध्ये अजूनही ऐकू येतो, तोही त्याच जुन्या परंपरेतला. ड्युपाँ या अमेरिकन कंपनीने १९२० च्या दशकात बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे ते व्यापारी नाव. त्याआधी मोटारीचा रंग पूर्ण वाळायला आठवडे लागत. या रंगाने ते काम काही तासांवर आणले. ते रसायन मोटारीच्या कारखान्यांतून केव्हाच मागे पडले, पण नाव मात्र आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या रंगाला चिकटून राहिले.

पारदर्शक थराची पद्धत जगभर रूढ झाली ती १९८० च्या दशकापासून. आज आपल्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीवर बहुधा हाच रंग असतो. त्यावर जोराने कंपाउंड घासले की झिजतो तो वरचा पारदर्शक थर, आणि तो पुन्हा भरून येत नाही. दरवर्षी हौसेने रबिंग करून घेणाऱ्या गाडीचे बॉनेट आणि टप काही वर्षांनी पांढुरके, पापुद्रे सुटल्यासारखे दिसू लागतात, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. पॉलिश हा देखील एक खर्चच आहे आणि तो गाडीच्या मुद्दलातून होतो, असे बँकेच्या भाषेत म्हणता येईल.

खोली ओळखण्याची रीत

चऱ्याची खोली ओळखण्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. गाडी आधी स्वच्छ धुवावी आणि सावलीत उभी करावी. धुळीखाली चरा नेहमीच आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. अनेकदा तो चरा नसून समोरच्या वाहनाचा रंग आपल्या गाडीवर लागलेला असतो आणि थोड्याशा पॉलिशने तो निघूनही जातो.

पहिली परीक्षा पाण्याची. चऱ्यावर पाणी शिंपडल्यावर तो क्षणभर दिसेनासा झाला, तर तो पारदर्शक थरातच थांबला आहे असे समजावे. दुसरी परीक्षा नखाची. चऱ्याला आडवे नख हलकेच फिरवून पाहावे. नख न अडखळता पुढे सरकले, तर पॉलिशने काम भागण्याची शक्यता मोठी. नख अडकले, तर पॉलिशची आशा सोडावी. तिसरी परीक्षा डोळ्यांची. चऱ्याच्या तळाशी गाडीचाच रंग दिसत असेल, तर रंगाचा थर शाबूत आहे. करडी किंवा पांढुरकी रेघ दिसत असेल, तर चरा प्रायमरपर्यंत पोहोचला आहे. चकचकीत धातू किंवा तांबूस डाग दिसत असेल, तर पत्रा उघडा पडला आहे आणि आता वेळ दवडून चालणार नाही.

पांढऱ्या गाडीवर प्रायमर आणि रंग यांतला फरक चटकन कळत नाही. अशा वेळी मोबाईलच्या दिव्याचा प्रकाश तिरपा टाकून पाहिल्यास चऱ्याचा तळ स्पष्ट दिसतो.

थांबण्याची किंमत

सगळेच चरे सारख्या घाईचे नसतात. पारदर्शक थरातला ओरखडा वर्षभर तसाच ठेवला तरी बिघडत नाही. तो फक्त डोळ्यांना खुपतो. बंपरवरच्या चऱ्याचेही तसेच. आजच्या बहुतेक गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे असतात, त्यांना गंज चढत नाही. महानगरातील वाहतुकीत बंपरला वर्षातून दोनदा काही ना काही लागणारच असेल, तर प्रत्येक वेळी तो रंगवण्यात अर्थ नाही. दोन-चार ओरखडे साठल्यावर एकदाच काम करून घ्यावे.

पत्र्यापर्यंत गेलेला चरा मात्र निराळा. लोखंड, हवेतला प्राणवायू आणि ओलावा एकत्र आले की गंज सुरू होतो. गंजाने व्यापलेली जागा मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. म्हणून तो नुसता चऱ्यात बसून राहत नाही, तर कडेच्या चांगल्या रंगाखाली शिरून त्याला वर उचलतो. रंगावर फोड दिसू लागतात ते याचमुळे. आधुनिक गाड्यांच्या पत्र्यावर पुष्कळदा जस्ताचा मुलामा असतो. तो स्वतः झिजून लोखंडाला काही काळ वाचवतो. मात्र हे संरक्षण मुदतीचे आहे, कायमचे नव्हे.

ही मुदत किती, हे गाव ठरवते. इंदूर किंवा हैदराबादच्या कोरड्या हवेत उघडा पत्रा काही महिने तग धरील. मुंबई, रत्नागिरी, पणजी किंवा चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत तो पावसाळ्याच्या पहिल्या काही सरींतच तांबूस दिसू लागतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकांनी म्हणून मे महिन्यातच गाडीवरून एकदा नजर फिरवावी. चाकांच्या वरच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचे झाकण या जागा विशेष पाहाव्यात. तेथे चिखल आणि पाणी साठून राहते. आज पाच मिनिटांत प्रायमरचा एक थेंब लावून जे थांबते, तेच दोन पावसाळ्यांनंतर पत्रा कापून नवा बसवण्याचे काम होऊन बसते.

घरी काय करता येते

चरा अरुंद असेल, पत्र्याला पोचा आला नसेल आणि गंज नुकताच लागला असेल किंवा अजिबात नसेल, तर घरच्या घरी समाधानकारक काम होऊ शकते. त्यासाठी लागते ती गाडीच्या रंगाच्या सांकेतिक क्रमांकानुसार घेतलेली टच-अप रंगाची लहान बाटली, सोबत प्रायमर व पारदर्शक लॅकर, बारीक पाणीपेपर, मास्किंग टेप आणि पुरेसा संयम. रंगाचा क्रमांक गाडीवरच असतो. बहुधा चालकाच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटच्या आत लावलेल्या पट्टीवर तो सापडतो. केवळ 'रुपेरी' किंवा 'लाल' एवढे सांगून रंग विकत घेऊ नये. एकाच कंपनीच्या दोन रुपेरी छटा शेजारी ठेवल्यावर अगदी वेगळ्या दिसतात.

काम सावलीत करावे. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पावसाळी, दमट हवेत रंगावर धुरकट पांढरेपणा येतो, म्हणून कोरडा दिवस निवडावा. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

प्रथम, चऱ्याची जागा शॅम्पूच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी. मेण आणि तेलकटपणा गेल्याशिवाय नवा रंग धरत नाही. या कामासाठी आपल्याकडे रॉकेलचा बोळा फिरवण्याची पद्धत आहे. ती टाळावी, कारण रॉकेल स्वतःच तेलकट पापुद्रा मागे ठेवते.

दुसरे, गंज असेल तर तो संपूर्ण काढावा. पाणीपेपरची अरुंद घडी करून तिच्या कडेने फक्त चऱ्याच्या आत, स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासावे. आजूबाजूच्या चांगल्या रंगावर दोन्ही बाजूंनी मास्किंग टेप लावलेली असावी. गंजावर रंग देणे म्हणजे दुखणे झाकून ठेवणे होय.

तिसरे, पत्रा उघडा असेल तेथेच प्रायमर द्यावा. बाटलीच्या झाकणातला ब्रश बहुधा जाड असतो. त्याऐवजी बारीक चित्रकलेचा ब्रश किंवा दात कोरायची काडी वापरली, तर रंग चऱ्यातच राहतो, कडेला पसरत नाही. प्रायमर नसेल तर रंग काही दिवस धरल्यासारखा दिसतो आणि मग पापुद्र्याने सुटतो.

चौथे, बाटली चांगली हलवून रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि दर दोन हातांमध्ये वेष्टनावर दिलेला वेळ जाऊ द्यावा. एकच जाड थेंब सोडण्याचा मोह आवरावा. तो वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि पुढे आक्रसतो. रंगाची पातळी मूळ पृष्ठभागाच्या किंचित खालीच थांबवावी, कारण वर लॅकर यायचे आहे.

पाचवे, पारदर्शक लॅकर असेच थोडे थोडे देऊन पातळी मूळ पृष्ठभागाच्या जराशी वर आणावी. त्यानंतर काही दिवस, शक्यतो आठवडाभर, त्या जागेला हात लावू नये.

शेवटी, साबणाच्या पाण्यात भिजवलेला २००० क्रमांकाचा पाणीपेपर लहानशा रबरी ठोकळ्याला गुंडाळून फक्त वर आलेला उंचवटा हलक्या हाताने समतल करावा आणि कंपाउंड व पॉलिशने चकाकी आणावी. मेणाचा हात मात्र महिनाभराने द्यावा. तोवर नव्या रंगातील उरलेले द्रावक उडून जाऊ द्यावे.

एवढे करूनही जवळून पाहणाऱ्याला जागा ओळखता येईल. चार पावलांवरून ती दिसत नसेल तर काम उत्तम झाले असे मानावे. या दुरुस्तीचा मुख्य हेतू पत्रा झाकणे हा आहे. सौंदर्य हा त्यावरचा नफा. आणि ऐन पावसाळ्यात चरा पडला, सलग कोरडा दिवस मिळतच नसेल, तर जागा पुसून, कोरडी करून टच-अप रंगाचा एक साधा हात देऊन ठेवावा. दसऱ्याच्या सुमारास तो काढून नीट काम करता येते.

गॅरेजमध्ये देताना

चरा रुंद असेल, एकाहून अधिक दारांवरून गेला असेल, पत्र्याला पोचा आला असेल किंवा रंगाखाली गंज पसरला असेल, तर काम कसलेल्या डेंटर-पेंटरचे आहे. तेथे मालकाला काम करायचे नसते. पण योग्य प्रश्न विचारायचे असतात.

पोचा आधी ठोकून किंवा ओढून काढणार, की लांबी भरून झाकणार? लांबीचे काम उरलीसुरली उंचसखलता भरण्याचे आहे. एक-दोन मिलिमीटरपर्यंत ती ठीक. खड्डा भरण्यासाठी बोटभर लांबी थापली, तर ऊन-थंडीने आणि दाराच्या आपटण्याने तिला तडे जातात. तडे गेले की पाणी शिरते, आणि लांबी पाणी धरून ठेवत असल्याने आतला पत्रा गंजत राहतो.

रंग क्रमांकानुसार मिश्रण करून देणार ना, आणि आधी नमुन्याच्या पत्र्यावर मारून दाखवणार ना? उन्हात पाच वर्षे राहिलेल्या गाडीचा रंग मूळ क्रमांकापेक्षा थोडा हललेला असतो. धातूच्या चुऱ्याच्या, म्हणजे मेटॅलिक, रंगात तर फवाऱ्याचा दाब आणि अंतर बदलले तरी छटा बदलते. म्हणून जाणकार रंगारी नवा रंग शेजारच्या भागात हळूहळू विरवत नेतात, म्हणजे सीमारेषा डोळ्याला कळत नाही. यासाठी शेजारच्या दारावर लॅकरचा हात द्यावा लागला, तर तो अकारण वाढवलेला खर्च समजू नये.

हँडल, रबरी पट्ट्या, आरसा काढून रंगवणार की टेप लावून? काढून रंगवल्यास थोडे अधिक पैसे पडतात. पण टेपच्या कडेला राहिलेली रंगाची धार पुढे तेथूनच सुटू लागते. काम बंद बूथमध्ये होणार आहे की रस्त्याच्या कडेला, हेही विचारावे. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजतात. तयार गाडीत वायरी आणि प्लॅस्टिक असल्याने गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही. तेथे ६० अंशांच्या आसपास वाळणारे, हार्डनर मिसळलेले रंग वापरतात. उघड्यावर रंगवलेल्या गाडीवर धूळ ही बसणारच.

रंगवणाऱ्याचा श्वास

याच हार्डनरविषयी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात आणि फवारताना त्यांचा सूक्ष्म तुषार हवेत पसरतो. व्यवसायामुळे जडणाऱ्या दम्याची जी प्रमुख कारणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत, त्यांत या रसायनांची गणना होते. एकदा शरीर त्यांच्याबाबत संवेदनशील झाले, की पुढे अगदी अल्प मात्राही श्वास कोंडू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठी वापरायचा साधा मास्क यापासून वाचवत नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा ओढून घेणारा बूथ लागतो.

आपल्या शहरांतील कितीतरी गॅरेजांत तरुण मुले केवळ रुमाल बांधून हे काम करताना दिसतात. आपण ग्राहक आहोत, निरीक्षक नव्हे, हे खरे. तथापि दर विचारताना 'बूथ आहे का, मुखवटा वापरता का' एवढे विचारणे आपल्या हाती आहे. जेथे ही व्यवस्था असते तेथे दर थोडा अधिक असतो आणि रंगही चांगला बसतो. आणि याच कारणासाठी हार्डनर असलेला रंग घरच्या पार्किंगमध्ये स्वतः फवारण्याची हौस कोणी करू नये.

विम्याचा दावा : करावा की न करावा?

आता हिशेबाकडे वळू. सर्वसमावेशक मोटार विम्यात अपघाताने तसेच कोणाच्या खोडसाळपणाने झालेले नुकसान समाविष्ट असते. दावा करता येतो, यात शंका नाही. तो करणे फायद्याचे आहे का, एवढेच पाहायचे.

ज्या वर्षी दावा होत नाही, त्या वर्षानंतर स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीसाठीच्या विमाहप्त्यात 'नो क्लेम बोनस' म्हणून सूट मिळते. ती एका वर्षानंतर २० टक्के, दोन वर्षांनंतर २५, तीन वर्षांनंतर ३५, चार वर्षांनंतर ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के असते. एक दावा केला की ही शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

समजा, एका गृहस्थांच्या गाडीचे इंजिन १५०० सीसीच्या आतले आहे, बोनसपूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आहे आणि तीन दावाविरहित वर्षांमुळे त्यांना सध्या ३५ टक्के सूट आहे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी असून त्यात कर धरलेले नाहीत.) दार रंगवण्याचे बिल ५,००० रुपये आले. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के भाग साहित्याचा मानून त्यावर ५० टक्के घसारा कापण्याची रीत आहे. म्हणजे ६२५ रुपये गेले. विमेदाराने स्वतः सोसायची अनिवार्य रक्कम १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला साधारणतः १,००० रुपये असते. हाती आले ३,३७५ रुपये.

आता दुसरी बाजू पाहू. दावा केला नसता तर पुढील नूतनीकरणाला ४५ टक्के आणि त्यानंतरची चार वर्षे ५० टक्के सूट मिळाली असती. दावा केल्यामुळे ती अनुक्रमे शून्य, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के मिळेल. फरक झाला पहिल्या वर्षी ४,५०० रुपये, मग ३,०००, २,५००, १,५०० आणि ५००. एकूण १२,००० रुपये. गाडीचे विमामूल्य दरवर्षी घटते तसा हप्ताही कमी होतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी असेल. तरीही ३,३७५ रुपयांसाठी पहिल्याच वर्षी ४,५०० रुपये सोडणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! अगदी नव्या गाडीच्या पहिल्या वर्षातही, याच हप्त्यावर, सोडलेल्या बोनसची बेरीज पाच नूतनीकरणांत ५,००० रुपये होते.

म्हणून सूत्र सोपे आहे. हाती येणारी रक्कम गमावलेल्या बोनसपेक्षा स्पष्टपणे मोठी असेल, तरच दावा करावा. एकाच अपघातात दोन दारे, फेंडर आणि दिवा असे मोठे नुकसान झाले, तर दावा अवश्य करावा. विमा त्याचसाठी असतो. मात्र निरनिराळ्या वेळी पडलेले चरे एकाच अपघाताचे म्हणून दाखवू नयेत. प्रत्येक घटना हा स्वतंत्र दावा असतो, आणि खोटे निवेदन उघड झाल्यास दावाच नाकारला जाऊ शकतो. पॉलिसीत घसारामाफी किंवा बोनसरक्षणाचे जोड संरक्षण घेतलेले असेल, तर गणित बदलते. त्याच्या अटी वाचून घ्याव्यात. दावा करायचा ठरल्यास दुरुस्तीपूर्वी विमा कंपनीला कळवणे आणि छायाचित्रे काढून ठेवणे विसरू नये. दावा नाकारल्याची बहुतेक दुःखे, काम आधी आणि कळवणे नंतर, या उलट क्रमातून उद्भवतात.

विक्रीच्या वेळी

गाडी विकताना मूल्यांकन करणारे जाणकार रंगाची जाडी मोजणारे लहानसे यंत्र प्रत्येक दारावर टेकवून पाहतात. मूळ रंगाचा आकडा शे-सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास येतो. पुन्हा रंगवलेल्या दारावर तो दोनशेच्या पुढे जातो, आणि लांबी भरली असेल तर कित्येक पटींनी वाढतो. एक दार रंगवलेले निघाले तर कोणी गाडी नाकारत नाही. सगळी गाडीच रंगवलेली निघाली, तर मात्र ती मोठ्या अपघातातून आली असावी असा संशय येतो. जुन्या गाडीसाठी कर्ज घेणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीनेही हे मूल्यांकन महत्त्वाचे असते.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कारखान्याचा मूळ रंग जेवढा टिकवता येईल तेवढा टिकवावा. एका चऱ्यासाठी संपूर्ण गाडी रंगवण्याचा सल्ला आला, तर तो विचारपूर्वक नाकारावा. दुसरे म्हणजे दुरुस्ती झाली असेल तेथे आधीचे छायाचित्र आणि तपशीलवार बिल जपून ठेवावे. विकत घेणाऱ्याला ते दाखवले की यंत्राच्या आकड्याला अर्थ मिळतो आणि व्यवहारात विश्वास राहतो. गाडीचा रंगच बदलून टाकायचा असेल, तर हे ध्यानात घ्यावे की नोंदणी प्रमाणपत्रात रंगाची नोंद असते. आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे चौकशी करून मगच ते काम हाती घ्यावे.

थोडे प्रतिबंधाविषयी

खोल चरा टाळणे सर्वस्वी आपल्या हाती नसते. पण बारीक ओरखड्यांचे जाळे मात्र बहुधा आपणच विणतो. धुळीने माखलेल्या गाडीवर कोरडे फडके फिरवणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण. सोसायटीतील वीस गाड्या एकाच बादलीच्या पाण्याने पुसल्या जात असतील, तर पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीपर्यंत प्रवास करते. गाडी पुसणाऱ्याला स्वच्छ मायक्रोफायबरची दोन फडकी घेऊन द्यावीत आणि आधी पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायला सांगावे. धूळ असलेल्या गाडीवर कापडी आच्छादन ओढू नये. पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा चीक त्याच दिवशी भिजवून काढावा.

अलीकडे सिरॅमिक कोटिंगची जाहिरात पुष्कळ दिसते. त्याने चकाकी टिकते आणि धुणे सोपे होते. किल्लीचा चरा मात्र त्याने थांबत नाही, कारण तो थर अत्यंत पातळ असतो. दीडदोनशे मायक्रॉनची पारदर्शक संरक्षक फिल्म खरोखर चरे झेलते, पण तिचा खर्च मोठा आहे. ज्यांना हवी त्यांनी ती संपूर्ण गाडीऐवजी दारांच्या कडा, हँडलांखालची जागा आणि बॉनेटचा पुढचा भाग एवढ्यापुरती लावून पाहावी.

गाडीवर चरा दिसला की आधी राग येतो, मग घाई होते, आणि घाईत बहुधा सर्वांत महाग उपाय निवडला जातो. वाचकांनी अशा वेळी एवढे करावे : गाडी धुवावी, सावलीत उभी करावी, पाणी शिंपडून आणि नख फिरवून चऱ्याचा तळ पाहावा. तळाशी पत्रा दिसला तर त्याच आठवड्यात त्याला प्रायमर मिळेल असे पाहावे. पत्रा दिसला नाही, तर शांतपणे विचार करायला आपल्याजवळ पुरेसा वेळ आहे.